व्याधाचा सोबती

प्रशियातल्या क्योनिग्सबर्ग शहरातून ऑगस्ट १८४४ मध्ये एक पत्र इंग्लंडला निघाले. लिहिणारे होते तिथल्या वेधशाळेचे संचालक फ्रिडरिक विल्हेल्म बेसेल आणि पत्र होते खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांच्या नावे. विषय होता आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, म्हणजे आपला व्याध. हा तारा सरळ चालत नाही, डुलत चालतो, असे बेसेल यांनी कळवले होते. कारणही दिले होते. व्याधाजवळ एक जड सोबती आहे, तो कुणालाही दिसत नाही आणि दोघे मिळून सुमारे अर्ध्या शतकात एकमेकांभोवती एक फेरी पुरी करतात.

हा सोबती बेसेल यांनी पाहिला नव्हता. जगातल्या कोणत्याही दुर्बिणीतून तो तोवर दिसलेला नव्हता. तरी तो असलाच पाहिजे, असे ते ठामपणे सांगत होते. वस्तुमान असले की प्रकाश असलाच पाहिजे असे काही नाही. असंख्य तारे दिसतात म्हणून न दिसणारे तारे नसतीलच असेही ठरत नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता.

या एका अनुमानातून पुढच्या सव्वाशे वर्षांत ताऱ्यांचे वजन, आकार, तापमान आणि अखेर यांविषयीची जुनी समजूत पार बदलली. नुसत्या डोळ्यांना ताऱ्याकडून प्रकाश तेवढा मिळतो. त्याचे बाकीचे सगळे गुण मोजून, जुळवून, ताडून मिळवावे लागतात. ते कसे मिळवतात आणि मिळवताना माणसे कुठे चुकतात, हे व्याधाच्या इतिहासात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दुसऱ्या ताऱ्याच्या इतिहासात दिसत असेल.

ओळखीचा तारा

व्याध मराठी माणसाला नवा नाही. हिवाळ्यात मृग नक्षत्राचा चौकोन वर आला की त्याच्या पोटातले एका रेषेतले तीन तारे दिसतात. तो हरणाला लागलेला बाण. ती रेषा आग्नेयेकडे वाढवली की बाण मारणारा व्याध सापडतो. या चित्रामागची प्रजापती आणि रुद्राची कथा ऐतरेय ब्राह्मणात आली आहे. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ओरायन’ ग्रंथात मृगाविषयीच्या अशाच वैदिक उल्लेखांच्या आधारे वेदांचा काळ ठरवण्याचा प्रयत्न केला. प्राचीन इजिप्तमध्ये पहाटेच्या संधिप्रकाशात व्याधाचे पहिले दर्शन घडे त्या सुमारास नाईलला पूर येई. म्हणून तिथल्या कालगणनेत या ताऱ्याला मोठा मान होता.

हजारो वर्षे पाहिलेल्या या ताऱ्याविषयी माणसाला कळले मात्र फार थोडे होते. तो निळसर पांढरा आहे, सर्वांत तेजस्वी आहे आणि आपल्या जागी स्थिर आहे, एवढेच. यातले तिसरे विधान १७१८ मध्ये खोटे ठरले. एडमंड हॅली यांनी टॉलेमीच्या ग्रंथातली ताऱ्यांची स्थाने आपल्या काळातल्या स्थानांशी ताडून पाहिली. व्याध, स्वाती आणि रोहिणी हे तीन तारे आपापल्या जागेवरून सरकलेले आढळले. टॉलेमीपासून हॅलीपर्यंतच्या दीड हजारांहून अधिक वर्षांत व्याध चंद्रबिंबाच्या रुंदीहून थोडा जास्तच सरकला होता. ताऱ्याच्या या स्वतःच्या सरकण्याला निजगती म्हणतात. व्याधाची निजगती वर्षाला सुमारे १.३ विकला आहे. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला आणि कलेचा साठावा भाग म्हणजे विकला. इंचभर रुंदीचे नाणे पाच किलोमीटरवर धरले तर त्याची रुंदी जेवढी भासेल, तेवढी एक विकला. बेसेल यांचे सारे काम या मापाच्या दुनियेतले होते.

क्योनिग्सबर्गचा गणिती

बेसेल यांचा जन्म १७८४ चा, जर्मनीतल्या मिंडेन गावचा. लहान वयातच शाळा सोडून ते ब्रेमेनच्या एका व्यापारी पेढीत उमेदवारीला लागले. पेढीचा व्यापार समुद्रापलीकडे चाले, म्हणून त्यांनी नौकानयन शिकायला घेतले. नौकानयनातून खगोलशास्त्र आणि खगोलशास्त्रातून गणित, अशी ती वाट लागली. विशीत असताना त्यांनी हॅलीच्या धूमकेतूच्या कक्षेचे गणित जुन्या नोंदींवरून मांडले आणि ब्रेमेनचे खगोलनिरीक्षक ओल्बर्स यांना दाखवले. ओल्बर्स यांनी या मुलाचे मोल जागच्या जागी ओळखले. १८१० मध्ये, विद्यापीठाची पदवी नसताना, बेसेल यांची क्योनिग्सबर्गला नेमणूक झाली आणि मरेपर्यंत ते तिथेच राहिले.

तिथे त्यांनी हाती घेतलेले पहिले मोठे काम बाहेरून अगदी रूक्ष दिसते. ग्रिनिचचे जेम्स ब्रॅडली यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर ताऱ्यांच्या स्थानांच्या हजारो नोंदी करून ठेवल्या होत्या. त्यांतला प्रत्येक आकडा हवेने वाकवलेल्या प्रकाशाच्या, पृथ्वीच्या डुलण्याच्या आणि यंत्राच्या दोषांच्या हिशेबाने दुरुस्त करायचा होता. बेसेल यांनी तीन हजारांहून अधिक ताऱ्यांसाठी हे काम पुरे केले आणि १८१८ मध्ये ते प्रसिद्ध केले. ब्रॅडली कधीच वारले होते. त्यांच्या वह्यांना इतक्या वर्षांनी नवे मोल आले ते या दुरुस्तीमुळे.

माणसाच्या डोळ्या-कानांचा दोषही बेसेल यांनी हिशेबात धरला. तारा दुर्बिणीतल्या तारेमागून सरकतो तो क्षण त्या काळी घड्याळाचे ठोके ऐकत टिपावा लागे. १७९६ मध्ये ग्रिनिचचे प्रमुख नेव्हिल मॅस्केलिन यांनी आपले सहायक डेव्हिड किनब्रुक यांना कामावरून काढले होते, कारण त्यांच्या नोंदी मॅस्केलिन यांच्या नोंदींपेक्षा पाऊण सेकंदाहून अधिक मागे पडत. ही हकीकत वाचल्यावर बेसेल यांनी वेगवेगळ्या निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या. अशी तफावत प्रत्येक दोन माणसांत असते, ती आळसामुळे येत नाही आणि ती मोजता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

एवढी शिस्त अंगी मुरलेल्या माणसाला १८३८ मध्ये एक यश मिळाले, ज्याची ज्योतिर्विद शतकानुशतके वाट पाहत होते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित इकडे-तिकडे सरकलेला दिसतो. या सरकण्याला पराशय म्हणतात. तो मोजला की ताऱ्याचे अंतर कळते. हंस तारकासमूहातल्या ६१ सिग्नी या अंधूक ताऱ्याचा पराशय बेसेल यांनी मोजला. तो ०.३१ विकला भरला. ताऱ्याचे अंतर विश्वासाने सांगता आले ते या मोजणीमुळे.

व्याधाचे कोडे याच शिस्तीतून पुढे आले. व्याध आणि प्रश्वा हे मॅस्केलिन यांनी निवडलेल्या छत्तीस प्रमाण ताऱ्यांपैकी होते. वेधशाळांची घड्याळे या ताऱ्यांवर लावली जात आणि बाकीच्या ताऱ्यांची स्थाने त्यांच्यावरून ठरत. अशा ताऱ्याची निजगती एकसारखी असणे सगळ्या मोजणीसाठी आवश्यक होते. पण ब्रॅडलींच्या १७५५ च्या सुमाराच्या नोंदींपासून स्वतःच्या नोंदींपर्यंत व्याधाची स्थाने मांडली, तेव्हा ती एका सरळ रेषेत बसेनात. फरक काही विकलांचा होता. दुसऱ्या कुणी तो यंत्राच्या माथी मारला असता. बेसेल यांनी दहा वर्षे यंत्र तपासले, घड्याळ तपासले, जुन्या निरीक्षकांच्या सवयी तपासल्या. सगळे दोष वजा केल्यावरही डुलणे उरलेच. मग त्यांनी पत्र लिहिले. दीड वर्षाने, मार्च १८४६ मध्ये, बेसेल यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात क्योनिग्सबर्गचेच सी. ए. एफ. पीटर्स यांनी १८५१ मध्ये त्या न दिसलेल्या सोबत्याची कक्षा मांडली. एका फेरीला ५० वर्षे, असा त्यांचा आकडा आला. आजचा आकडा ५०.१ वर्षे आहे.

चित्रकाराचे भिंग

पुढचा भाग अमेरिकेत घडला आणि घडवणारे वेधशाळेतले कुणी पंडित नव्हते. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिजपोर्टचे अल्वन क्लार्क हे व्यक्तिचित्रे काढून पोट भरणारे चित्रकार. त्यांचा मोठा मुलगा जॉर्ज शाळेत असताना १८४४ मध्ये शाळेची जेवणाची घंटा फुटली. तिचे तुकडे आणून त्याने ते वितळवले आणि दुर्बिणीचा आरसा ओतायला घेतला. मुलाला मदत करता करता बाप स्वतःच आरसे आणि भिंगे घासण्याच्या नादी लागला. काही वर्षांत क्लार्क आणि त्यांची दोन्ही मुले जगातली उत्तमोत्तम भिंगे घडवू लागली. इंग्लंडमधले नामवंत निरीक्षक विल्यम डॉझ त्यांची भिंगे विकत घेऊ लागले.

१८६० मध्ये मिसिसिपी विद्यापीठाने क्लार्कांकडे साडेअठरा इंच व्यासाच्या भिंगाची मागणी नोंदवली. तोवर जगात एवढे मोठे उत्तम भिंग झालेले नव्हते. त्याची काच बर्मिंगहॅमच्या चान्स ब्रदर्स कारखान्यातून आली. क्लार्कांनी ती घासायला घेतली आणि १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. मिसिसिपी राज्य संघातून फुटून निघाले होते. भिंग तयार होत आले, पण ते घेणारे विद्यापीठ आता शत्रूच्या मुलखात होते.

३१ जानेवारी १८६२ च्या संध्याकाळी धाकटा मुलगा अल्वन ग्रॅहॅम याने भिंगाची परीक्षा घेण्यासाठी ते व्याधाकडे वळवले. भिंगात कुठे दोष असेल तर इतक्या तेजस्वी ताऱ्याभोवती तो उघडा पडतो. ताऱ्याच्या लखलखाटाशेजारी त्याला प्रकाशाचा एक बारीक ठिपका दिसला. आठवडाभरात हार्वर्ड वेधशाळेच्या जॉर्ज बाँड यांनीही तो पाहिला. ठिपका भिंगातला नव्हता, आकाशातला होता आणि गणिताने सांगितलेल्या दिशेलाच होता. बेसेल यांच्या पत्राला तेव्हा साडेसतरा वर्षे झाली होती. फ्रेंच विज्ञान अकादमीने या शोधासाठी लालांद पारितोषिक दिले. भिंग पुढे शिकागोकरांनी विकत घेतले आणि एव्हन्स्टनच्या डिअरबॉर्न वेधशाळेत ते आजही वापरात आहे.

भिंग उत्तम होते हे खरे, पण काळानेही साथ दिली होती. सोबत्याची कक्षा लांबट आहे. तो व्याधाच्या सर्वांत जवळ येतो तेव्हा आपल्याला दिसणारे अंतर तीन विकलांच्या आतबाहेर असते आणि तो व्याधाच्या झळाळीत बुडून जातो. नेमके १८४४ हे वर्ष तसे होते. बेसेल यांनी तो आहे असे जाहीर केले त्या वर्षी कितीही चांगली दुर्बीण लावली असती तरी तो दिसला नसता. १८६२ पर्यंत तो सुमारे दहा विकला दूर सरकला होता. १८९४ च्या आसपास तो पुन्हा काही वर्षे दिसेनासा झाला. प्रश्वाचा सोबती, ज्याचे अनुमान बेसेल यांनी याच्याबरोबरच केले होते, १८९६ मध्ये लिक वेधशाळेत सापडला.

न जुळणारा हिशेब

सोबती दिसला तसे एक नवे कोडे उभे राहिले. केपटाऊनच्या वेधशाळेत डेव्हिड गिल आणि विल्यम एल्किन यांनी १८८० च्या दशकात व्याधाचा पराशय नीट मोजला. तो ०.३८ विकलांच्या घरात आला. म्हणजे व्याध साडेआठ प्रकाशवर्षांहून थोडा दूर. अंतर कळले की कक्षेचा खरा आकार कळतो. कक्षेचा आकार आणि फेरीचा काळ कळला की न्यूटनच्या नियमाने वजन कळते. व्याध सूर्याच्या दुपटीइतका भरला आणि सोबती जवळपास सूर्याएवढा.

इथे हिशेब फसत होता. व्याधाच्या निम्म्या वजनाच्या या सोबत्याचा प्रकाश व्याधाच्या दहा हजारांश होता. तो थंड पडत चाललेला, लालसर, विझू लागलेला तारा असावा, ही समजूत साहजिक होती. कोळसा विझतो तसा तारा विझतो, हे ऐकायला बरेही वाटत होते.

या समजुतीला पहिला धक्का दुसऱ्याच एका ताऱ्याने दिला. १९१० मध्ये हेन्री नॉरिस रसेल हार्वर्डला एडवर्ड पिकरिंग यांच्याकडे गेले होते. अंधूक ताऱ्यांचे वर्णपट तपासायला हवेत, असे बोलणे चालले होते. उदाहरण म्हणून यमुना तारकासमूहातल्या ४० एरिडानी या ताऱ्याच्या अंधूक सोबत्याचे नाव निघाले. पिकरिंग यांनी वर्णपटांच्या विभागात विचारणा केली. तो विभाग सांभाळत होत्या विल्यमिना फ्लेमिंग. स्कॉटलंडहून आलेल्या या बाईंनी पिकरिंग यांच्या घरी मोलकरीण म्हणून काम सुरू केले होते आणि पुढे त्या हार्वर्डच्या वर्णपटविभागाच्या प्रमुख झाल्या होत्या. त्यांचे उत्तर थोडक्यात आले: हा तारा ए वर्गातला आहे. ए वर्ग म्हणजे व्याधासारखा तप्त आणि पांढरा. रसेल गोंधळून गेले, कारण इतका अंधूक तारा इतका तप्त असणे त्यांच्या मांडणीत बसत नव्हते. अशाच अपवादांमधून ज्ञान पुढे जाते, असे सांगून पिकरिंग यांनी त्यांना धीर दिला. १९१६ मध्ये एस्टोनियाचे अर्न्स्ट एपिक यांनी याच ताऱ्याची घनता काढली. ती सूर्याच्या पंचवीस हजार पट आली आणि हे अशक्य आहे, असे त्यांनी स्वतःच लिहून टाकले.

व्याधाच्या सोबत्याचा वर्णपट घेणे याहून अवघड होते. दहा विकलांवर दहा हजार पट प्रखर तारा असताना त्याचा विखुरलेला प्रकाश यंत्रात शिरतोच. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर वॉल्टर ॲडम्स यांनी साठ इंची दुर्बिणीने हवा शांत असलेल्या रात्री निवडून प्रयत्न चालू ठेवले. १९१५ मध्ये त्यांनी निकाल प्रसिद्ध केला. सोबत्याचा वर्णपट जवळजवळ व्याधासारखाच होता. तो लाल नव्हता, विझत चाललेला नव्हता. पांढरा आणि तप्त होता. हे वर्ष जमले त्यामागेही पन्नास वर्षांचे तेच वेळापत्रक होते. १८९४ नंतर सोबती पुन्हा दूर सरकत आला होता.

यातून निघणारा निष्कर्ष टाळता येण्याजोगा नव्हता. दोन्ही तारे सारखेच तप्त असतील तर दोघांच्या पृष्ठभागाचा प्रत्येक चौरस मीटर सारखाच प्रकाश देणार. मग एकाचा एकूण प्रकाश दुसऱ्याच्या दहा हजारांश असेल, तर त्याचा पृष्ठभागही दहा हजारांश आणि व्यास शंभरावा हिस्सा. म्हणजे सूर्याएवढे वजन एखाद्या ग्रहाएवढ्या गोळ्यात कोंडलेले. अशा ताऱ्यांना पुढे श्वेत बटू हे नाव मिळाले.

केंब्रिज आणि मुंबईहून निघालेले जहाज

इतकी घनता शक्य आहे, असे धीटपणे मांडले केंब्रिजच्या आर्थर एडिंग्टन यांनी. १९२० मध्ये मेघनाद साहा यांनी तापमानामुळे अणूंमधून इलेक्ट्रॉन कसे सुटतात याचे समीकरण दिले होते आणि त्यामुळे वर्णपटावरून तापमान वाचणे शक्य झाले होते. ताऱ्याच्या पोटात तर अणू पुरते सोललेले असतात, असे एडिंग्टन म्हणत. अणूची बरीचशी जागा रिकामी असते. इलेक्ट्रॉन सुटले की उरलेली केंद्रके आणि इलेक्ट्रॉन कितीतरी जवळ दाबता येतात. १९२४ मध्ये त्यांनी सोबत्याची घनता पाण्याच्या सुमारे ५० हजार पट काढली.

त्याच लेखात एक कसोटीही होती. आइन्स्टाइन यांच्या सिद्धांतानुसार प्रबळ गुरुत्वाकर्षणातून बाहेर पडणारा प्रकाश तांबड्या रंगाकडे किंचित सरकतो. या सरकण्याला ताम्रसृती म्हणतात. इतक्या दाट ताऱ्यावर ती मोजता यायला हवी. एडिंग्टन यांचे भाकीत होते सेकंदाला सुमारे २० किलोमीटर वेगाइतकी ताम्रसृती. १९२५ मध्ये ॲडम्स यांनी माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीने मोजून आकडा दिला: सुमारे २१. सिद्धांत आणि मोजणी तंतोतंत जुळल्या. आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताला मिळालेला भक्कम पुरावा म्हणून हा आकडा पाठ्यपुस्तकांत गेला.

पण घनता शक्य आहे एवढे म्हणून भागणार नव्हते. हा तारा थंड झाला की काय होईल? निवल्यावर अणूंना पुन्हा नेहमीचा आकार घ्यायचा तर ताऱ्याला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध फुगावे लागेल आणि तेवढी ऊर्जा त्याच्याजवळ उरलेली नसेल. या पेचातून वाट काढली राल्फ फाउलर यांनी, १९२६ मध्ये, नुकत्याच जन्मलेल्या पुंजभौतिकीच्या बळावर. दोन इलेक्ट्रॉन एकाच स्थितीत राहू शकत नाहीत. त्यांना दाटीवाटीने कोंडले की काहींना अधिकाधिक वेगवान स्थितींत जावेच लागते. हा वेग उष्णतेमुळे येत नाही, म्हणून तारा निवला तरी तो जात नाही आणि त्यातून येणारा दाबही जात नाही. तारा फुगल्यावाचून, त्याच आकारात निवत राहू शकतो.

हा लेख मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याने वाचला. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर त्याचे नाव. ३१ जुलै १९३० रोजी तो सरकारी शिष्यवृत्तीवर मुंबईहून पिल्स्ना या जहाजाने युरोपला निघाला, फाउलर यांच्याच हाताखाली शिकायला. तेव्हा त्याचे वय होते १९. प्रवासात त्याने फाउलर यांचे गणित पुन्हा मांडायला घेतले आणि त्याच्या लक्षात आले की श्वेत बटूच्या गाभ्यात इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाजवळ जातो. मग आइन्स्टाइन यांची सापेक्षता हिशेबात घ्यायलाच हवी. ती घेतली तेव्हा दाब अपेक्षेइतका वाढेना. ताऱ्याचे वजन एका मर्यादेपलीकडे गेले तर हा दाब त्याला तोलूच शकत नाही, असे उत्तर आले. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात ही मर्यादा सूर्याच्या ०.९१ पट होती. ताऱ्याच्या घटकद्रव्यांची माहिती सुधारल्यावर ती सुमारे १.४ पट ठरली.

मर्यादेहून जड ताऱ्याचे काय होणार? तो कोसळतच जाणार का? ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत चंद्रशेखर यांनी आपले काम मांडले आणि लगेच उठून एडिंग्टन यांनी ते धुडकावले. तारा असा वेडावाकडा वागणार नाही, निसर्गात त्याला अडवणारा काहीतरी नियम असलाच पाहिजे, हे त्यांचे म्हणणे होते. व्याधाच्या सोबत्याची अविश्वसनीय घनता सर्वांआधी मान्य करणारा हा मोठा शास्त्रज्ञ पुढच्या पायरीवर अडला आणि त्याच्या शब्दाचे वजन इतके होते की अनेक जण गप्प राहिले. न्यूट्रॉन तारे आणि कृष्णविवरे यांचा रस्ता त्याच गणितातून जात होता. चंद्रशेखर यांना नोबेल पारितोषिक मिळाले १९८३ मध्ये.

जुळलेला आकडा चुकीचा निघतो

ॲडम्स यांच्या आकड्याची पुढची हकीकत मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते. फाउलर आणि चंद्रशेखर यांच्या गणितानुसार सूर्याएवढ्या वजनाचा श्वेत बटू एडिंग्टन यांनी धरलेल्या आकारापेक्षा बराच लहान हवा. लहान असेल तर त्याची ताम्रसृती वीसच्या कितीतरी पट हवी. मग मोजलेला आकडा २१ कसा?

उत्तर सापडायला सोबती पुन्हा व्याधापासून दूर जाण्याची वाट पाहावी लागली. ती वेळ १९६० च्या दशकाच्या अखेरीस आली. जेस ग्रीनस्टाइन, बेव्हर्ली ओक आणि हॅरी शिपमन यांनी पॅलोमारच्या दोनशे इंची दुर्बिणीच्या आधारे १९७१ मध्ये नवा आकडा दिला: सेकंदाला ८९ किलोमीटर, १६ इकडे-तिकडे. ॲडम्स यांच्या वर्णपटात व्याधाचाच विखुरलेला प्रकाश मिसळला होता. त्याच भेसळीमुळे सोबत्याचे तापमान कमी आणि आकार मोठा धरला गेला होता, म्हणून एडिंग्टन यांचे भाकीतही चुकीचे होते. चुकीची अपेक्षा आणि भेसळीची मोजणी एकमेकांना जुळली आणि सिद्धांत मुळात खरा असल्यामुळे जवळपास अर्धे शतक कुणाला ठोस शंका घेता आली नाही.

बेसेल यांची रीत इथे आठवते. न जुळणारा आकडा हाती आला तेव्हा त्यांनी दहा वर्षे स्वतःचीच यंत्रे तपासली. आकडा जुळतो तेव्हा तितकीच तपासणी करायला माणसाचे मन तयार होत नाही. मोजणाऱ्याची खरी परीक्षा तिथे असते.

हबल अवकाश दुर्बिणीने हवेचा अडथळाच दूर केला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली ताम्रसृती सेकंदाला ८० किलोमीटरच्या वर आहे. सोबत्याचे तापमान २५ हजार केल्व्हिनच्या आसपास, व्यास सुमारे १२ हजार किलोमीटर, म्हणजे पृथ्वीहून किंचित कमी, आणि वजन सूर्याएवढे. त्याच्या द्रव्याच्या एका घन सेंटीमीटरात दोन टनांहून अधिक वस्तुमान आहे. चंद्रशेखर यांच्या मर्यादेच्या तो सुखरूप आत आहे.

या आकड्यांवरून जोडीचा भूतकाळही वाचता येतो. दोघे तारे साधारण २४ कोटी वर्षांपूर्वी एकत्र जन्मले. आजचा सोबती तेव्हा दोघांत थोरला होता, सूर्याच्या सुमारे पाच पट वजनाचा. जड तारा आपले इंधन उधळून लवकर संपवतो. त्याने संपवले, बाहेरचे थर अवकाशात सोडून दिले आणि गाभा तेवढा उरला. आपल्या सूर्याच्या वाट्यालाही काही अब्ज वर्षांनी अशीच अखेर आहे.

सोबती सध्या व्याधापासून सुमारे ११ विकला दूर आहे आणि या दशकात त्या आकड्याच्या आसपासच राहणार आहे. नंतर तो जवळ येत जाईल आणि २०४४ मध्ये, बेसेल यांच्या पत्राला दोनशे वर्षे होतील तेव्हा, पुन्हा झळाळीत बुडालेला असेल. म्हणून ही वर्षे हातची जाऊ देऊ नयेत. क्योनिग्सबर्गहून व्याध क्षितिजावर जेमतेम १८ अंश वर येई, क्लार्कांच्या अंगणातून ३१ अंश. महाराष्ट्रातून तो ५५ अंशांच्या आसपास चढतो, हवेच्या कितीतरी पातळ थरातून दिसतो. वीस-पंचवीस सेंटीमीटर व्यासाची चांगली दुर्बीण, जानेवारी ते मार्चमधली हवा शांत असलेली रात्र आणि व्याध माथ्यावरच्या रेषेजवळ आलेली वेळ साधावी. जास्त विवर्धन देणारे नेत्रभिंग लावून व्याधाला दृश्याच्या पश्चिम कडेबाहेर ढकलावे आणि त्याच्या ईशान्येला शोधावे. पहिल्या रात्री दिसला नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा बसावे. आपल्याकडच्या हौशी निरीक्षकांच्या मंडळांनी हे काम अंगावर घ्यावे, विद्यार्थ्यांना शेजारी बसवावे आणि जे दिसेल त्याची तारीख, वेळ, दिशा वहीत नीट लिहून ठेवावी. ब्रॅडली यांनी अशाच नोंदी ठेवल्या होत्या, म्हणून बेसेल यांना सोबती सापडला.